क्रेचमारांचे मासे आणि रोझविताबाईंचा समुद्र

...आणि वर मलाच म्हणतात, 'मासेच तर आहेत हो लोथार, त्यात काय एवढं!' अहो, असं म्हणणाऱ्याला मला एकदा त्या टाकीपुढे स्टुलावर बसवायचंय, सकाळ-संध्याकाळ, हातात ड्रॉपर देऊन. मग बघू किती वेळ 'तर' म्हणतो ते!

तुम्हाला सांगतो, मी साधा माणूस. जन्मभर इथे जर्मनीत, केमनिट्झ शहरातल्या लिफ्टा दुरुस्त केल्या, निवृत्त झालो, बायको नाही, पोरं नाहीत, घरात हलणारी वस्तू म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. समोरच्या दारात क्रेचमार. तीस वर्षं एकाच जिन्यावर राहतोय आणि अजून एकमेकांना अहो-जाहो करतो, म्हणजे संबंध किती चांगले बघा! या क्रेचमारांकडे ब्राझीलचे मिशीवाले मासे. दिवसभर तळाशी नाक घासत फिरायचं, दुसरा उद्योग नाही. सहा वर्षं झाली, त्यांना पिल्लं व्हावीत म्हणून या गृहस्थानं जिवाचं रान केलं. पाणी अर्ध्या अंशानं गार झालं तरी याचा चेहरा उतरायचा, तापातल्या लेकरापाशी बसावं तसा टाकीपाशी बसायचा. पण पाळणा काही हलेना! आणि यापायी त्यांची बायको, रोझविताबाई, सहा वर्षांत गावाबाहेर गेली नव्हती. शेवटी या मे महिन्यात बाईनं परस्पर समुद्रकाठची खोली ठरवली, बॅगा भरल्या आणि माझ्या हातात किल्ली ठेवली.

"रोज चिमूटभर खाणं," क्रेचमार म्हणाले, "आणि एकदा पाणी बदलायचं. न्हाणीघरात कॅनमध्ये पाणी भरून ठेवलंय, गाळलेलं, कोमट. तेच घालायचं. दुसरं नाही."

एवढंच? एवढंच. मासेच तर आहेत!

आता झालं काय, ते गावाला गेले म्हणजे जिना पुसायची त्यांची पाळीही माझ्यावर आली. आमच्या इमारतीत जिना म्हणजे अब्रूचा प्रश्न. पायरीवर डाग राहिला तर तळमजल्यावरच्या बाई महिनाभर गुड मॉर्निंग म्हणत नाहीत. आणि गाळलेल्या पाण्यानं पुसलं की डाग पडत नाही, हे मला लिफ्टच्या आरशांमुळे ठाऊक. म्हटलं, एक कॅन घेऊ. एकानं काय होतंय? जिना असा चमकला, असा चमकला... की मी सगळे कॅन संपवले! कठडासुद्धा पुसला!

मग आठवलं. मासे.

आता पाणी आणू कुठून? बाल्कनीत रोझविताबाईंचं फुलझाडांसाठीचं पावसाच्या पाण्याचं पिंप. म्हटलं, पावसाचं पाणी, ते तर देवानंच गाळलेलं! दिलं ओतून. पण आमच्याकडे मे महिन्यात एकदा थंडी उलटून येते, नेमका तो गारठ्याचा आठवडा, पाणी म्हणजे नुसता बर्फ. थर्मामीटरचा काटा सरसर खाली आला. मासे वेड्यासारखे सैरावैरा. मी म्हटलं, मारले! सहा वर्षं जपलेले मासे, मी एका जिन्यापायी मारले!

रात्रभर डोळा नाही. सकाळी जाऊन बघतो तर मासे ठणठणीत, पण काचेवर ही घाण! बारीक साबुदाणा चिकटवावा तशी. मी काच खरवडायचं पातं घेतलं, लावणार एवढ्यात म्हटलं, विचारलेलं बरं. फोन केला. क्रेचमार आंघोळीला गेले होते, बाईंनी उचलला. मी घाणीचं वर्णन केलं.

"लोथार," बाई हळूच म्हणाल्या, "पातं खाली ठेवा. अंडी आहेत ती."

"अरे वा! मग साहेबांना..."

"साहेबांना एक अक्षर सांगायचं नाही. कळलं तर हा माणूस ओल्या अंगानं गाडीत बसेल. काल संध्याकाळी आम्ही दोघं वाळूत चाललो. त्यानं माझा हात धरला होता, लोथार. शेवटचा कधी धरलेला तेसुद्धा मला आठवत नाही. मी सहा वर्षं थांबले, आता मासे थांबतील."

म्हटलं, नाही सांगत. पण अंडी थांबतात होय? सहा वर्षं क्रेचमारांकडून ऐकतोय, आईबापच ती खातात! म्हणजे बाईंचा समुद्रही वाचवायचा आणि अंडीही वाचवायची. आणि करायचं काय, हे ज्याला ठाऊक, त्यालाच विचारायचं नाही!

मी आडून विचारलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला तेव्हा म्हटलं, माझा एक भाचा आहे, त्याच्याकडे असेच मासे आहेत, समजा त्यांनी अंडी दिली तर? झालं! माणूस जो सुटला... बोटानं हलकेच लोळवून काढा, वेगळ्या डब्यात ठेवा, हवेचे बुडबुडे सोडा, बुरशी येऊ नये म्हणून ओढ्याकाठच्या अल्डर झाडाची काळी बोंडं घाला, पिल्लं निघाली की खाऱ्या पाण्यात उबवलेले ताजे बारीक किडे... मागून बाई ओरडतायत, सूप निवतंय! आणि शेवटी काय म्हणाले माहितेय? "पण भाच्याला सांगा, नाद सोड. मला सहा वर्षांत जमलं नाही, त्याला काय कपाळ जमणार!"

बस्स. तिथे मी पेटलो.

ओढ्याकाठी चिखलात गुडघे टेकून बोंडं वेचली. लोक बघत होते, बघू देत! बाटलीत खारं पाणी करून किडे उबवले. या वयात, ज्यानं कधी अंडं नीट उकडलं नाही, त्यानं! पांढरी पडलेली अंडी एकेक करून काढली, उरलेल्यांवर पाखर घालून बसलो. आणि एका सकाळी डब्याच्या तळाशी पापणीच्या केसाएवढं काहीतरी हललं... तुम्हाला सांगतो, मी त्या रिकाम्या घरात एकटाच टाळ्या वाजवल्या. मासेच तर आहेत, हो, ठाऊक आहे मला! आणि संध्याकाळी फोनवर? "सगळं नेहमीसारखं, साहेब. काही विशेष नाही." जीभ चावत बोललो.

पंधरवड्यानं आले. क्रेचमार कोट न काढताच टाकीपाशी गेले, मग त्यांना डबा दिसला. वाकले. पिल्लांना तोवर मिशाही फुटल्या होत्या. माणूस मटकन स्टुलावर बसला आणि चष्मा काढून पुसत राहिला, पुसतच राहिला.

"लोथार," म्हणाले, "काय केलंत तुम्ही? नेमकं काय केलंत?"

मी तोंड उघडलं, म्हटलं सांगून टाकावं, गार पाणी घातलं, पावसाचं, त्यानंच अंडी आली असणार. तेवढ्यात रोझविताबाई पुढे झाल्या.

"त्यांनी काय करायचंय? जे तू सांगितलंस तेच केलं. वेगळं एकच झालं. तू इथे नव्हतास! सहा वर्षं तू डोळे लावून बसलास, त्यांनाही काही लाजलज्जा असेल की नाही?"

क्रेचमार विचारात पडले. अभ्यासू माणूस! म्हणाले, तर्क बरोबर आहे. आणि बाईंनी माझ्याकडे असं बघितलं... तुम्ही असता तरी गप्पच बसला असता.

आता शरद ऋतू आला आणि ते पोर्तुगालला गेलेत. शास्त्रासाठी, साहेब नसताना पुन्हा अंडी येतात का बघायला! मी गुपचूप पिंपातलं गार पाणी ओतलं, आणि परवा बाईंचा फोन.

"लोथार, अंडी आली का हो?"

"आली."

"मग आम्ही अजून आठवडाभर राहतो."

म्हटलं, राहा.