दारातून पुकारलेलं नाव

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आदरणीय पद्मजाताई, शाल अंगावर घेऊन घामाघूम झालेले आजचे सत्कारमूर्ती श्री. चंद्रशेखर पळसुले आणि सौ. सुचित्रावहिनी, मंडळाचे सर्व कार्यकर्ते, आणि मागून येणाऱ्या मसालेभाताच्या वासामुळे माझ्याकडे अर्धंच लक्ष असलेल्या बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. घरून निघताना आमच्या सौ. रेखाने बजावलंय, "पाचाची सहा करू नकोस, आणि कागद वाचू नकोस." कागद मी आणलेला नाही. पाचाची किती होतील ते सांगता येत नाही. मी भूल देणारा डॉक्टर. माझ्यासमोरची माणसं आडवी असतात आणि मी काही बोलायच्या आत झोपतात. इतकी जागी माणसं समोर बघून बोलायची मला सवय नाही. तेरा वर्षांत या मंडळाच्या स्टेजवर मी एकदाच चढलो होतो, बल्ब बदलायला. तेव्हा खाली शिडी चंद्रशेखरने धरली होती.

तर आधी चंद्रशेखरबद्दल. पुढच्या आठवड्यात पळसुले कुटुंब टेक्ससला, प्लेनोला चाललं आहे. तिथे घरं मोठी आहेत म्हणतात, आणि बर्फ नाही. बर्फ नाही म्हणजे चंद्रशेखर करणार काय, हा मला पडलेला प्रश्न आहे. अठ्ठ्याहत्तर सालच्या हिमवादळात आमचं दार अर्ध्यापर्यंत गाडलं गेलं होतं. हा माणूस सहा घरं ओलांडून फावडं घेऊन आला आणि खिडकीतून ओरडला, "टिपणीस, आहेस ना रे आत?" त्याच्या गाडीच्या डिकीत दोन एक्स्टेन्शन कॉर्ड आणि एक दोर कायम असतो. आपल्या गणपतीत माइक बंद पडला नाही असं एक वर्ष नाही, आणि तो पुन्हा चालू झाला नाही असंही नाही. आताचा हा माइकही त्यानेच लावला आहे. स्वतःच्या निरोपाला स्वतः माइक लावणारा सत्कारमूर्ती तुम्ही दुसरा पाहिलाय का?

आणि एक गोष्ट. गेल्या ऑक्टोबरात आम्हाला डब्लिनहून फोन आला. बॉस्टन विमानतळावर आम्हा दोघांची तिकिटं चंद्रशेखरने काढली, बॅगा त्यानेच उचलल्या, आणि आम्ही परत येईपर्यंत आमच्या घराचा हीटर चालू आहे की नाही ते रोज ऑफिसला जाताना बघितलं. हे उपकार मी विसरलेलो नाही. आज मी पुढे जे बोलणार आहे ते ऐकताना त्यानेही हे लक्षात ठेवावं, की मी विसरलेलो नाही.

इथे नवीन आलेल्यांना ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. आमची मुलगी वसुधा डब्लिनला बॅरिस्टर होती. मी बासष्ट साली तिथल्या हॉस्पिटलात नोकरीला गेलो तेव्हा ती सहा वर्षांची होती. चौऱ्याहत्तरमध्ये आम्ही इकडे आलो आणि ती कॉलेजसाठी तिथेच राहिली. गेल्या ऑक्टोबरात गॉलवेच्या कोर्टात निघाली असताना तिची गाडी घसरली. तीस वर्षांची होती.

आता बघा, हॉलमध्ये कशी शांतता झाली. गेले सात महिने हेच चाललं आहे. मी वसुधाचं नाव काढलं की कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवतं, "श्रीरंग, नको बोलूस" म्हणतं आणि चहा विचारतं. तुमच्या मनात माया आहे, मला कळतं. पण चहा पिऊन पिऊन मला ॲसिडिटी झाली आहे, आणि माझ्या मुलीबद्दल एक वाक्य पुरं करायला मिळालेलं नाही. या स्टेजवर माझ्या खांद्यापर्यंत कोणाचा हात पोचत नाही. म्हणून आज बोलतो.

तुम्ही माझ्यासमोर बोलत नाही, पण माझ्यामागे काय बोलता ते माझ्या कानावर येतं. "हुशार मुलगी, वाया गेली." "डॉक्टर झाली असती तर इथे आईबापांजवळ राहिली असती." "सहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, हाती काय लागलं?"

हाती काय लागलं ते सांगतो.

तिथे बॅरिस्टर झाल्यावर पहिलं वर्ष एका मुरलेल्या बॅरिस्टरच्या हाताखाली फुकट काढावं लागतं. त्या उमेदवाराला चक्क 'डेव्हिल' म्हणतात. हे फोनवर ऐकून रेखाने दोन दिवस वसुधाशी अबोला धरला होता. पुढे स्वतःचं काम सुरू झालं तरी आपल्या वकिलांसारखं स्वतःचं ऑफिस थाटता येत नाही. सगळे बॅरिस्टर कोर्टातल्या एकाच मोठ्या लायब्ररीत बसतात. दाराशी एक माणूस उभा असतो. केस घेऊन कोणी आलं की तो दारातून बॅरिस्टरचं नाव पुकारतो. ज्याचं नाव आलं त्याने उठायचं. ज्याचं आलं नाही त्याने वाचत बसायचं. दिवस, आठवडे, कधी महिने.

त्र्याऐंशी साली मी तिला भेटायला गेलो होतो. सकाळी त्या दाराबाहेर उभा राहिलो. बाहेरच्यांना आत सोडत नाहीत. तासाभरात चाळीस नावं पुकारली असतील. प्रत्येक नावाला वाटायचं, हे तरी. आणि मग तो माणूस खणखणीत आवाजात म्हणाला, "मिस टिपणीस!"

मित्रहो, आमच्या टिपणिसांच्या घराण्यात हे नाव इतक्या मोठ्याने कोणी घेतलं नसेल. आतून माझी मुलगी आली. काळा झगा, डोक्यावर कोणा निवृत्त बॅरिस्टरकडून घेतलेला जुना पिवळट विग, हातात वही. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. सरळ केस घेऊन आलेल्या माणसांकडे गेली.

माझा ऊर भरून आला होता. पण संध्याकाळी जेवताना मी तिला काय म्हणालो असेन? म्हणालो, "वसू, हे असं अजून किती वर्षं?"

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही तासभर उभे होतात ना? तेवढ्यात कंटाळलात?"

त्या सकाळी मला काय वाटलं ते मी तिला कधीच सांगितलं नाही. नंतर सांगू म्हटलं. असो.

तिच्या कामाचा एक नियम होता. टॅक्सीच्या रांगेतली पहिली टॅक्सी जशी गिऱ्हाइकाचा चेहरा बघून निघून जात नाही, तसं बॅरिस्टरने करायचं नाही. काम आपल्या विषयातलं असेल आणि आपण मोकळे असू, तर माणूस आवडत नाही, केस अवघड आहे, लोक काय म्हणतील, या कारणांनी नाही म्हणायचं नाही. तिच्याकडे असाच एक शेतकरी आला होता. सख्ख्या भावाशी शेताच्या वाटेवरून भांडण. माणूस इतका तिरसट की गावात कोणी त्याच्या शेजारी बसत नसे. समोरच्या भावाच्या बाजूने उभा कोण? तर ज्याच्या हाताखाली वसुधा शिकली तोच बॅरिस्टर. दोघं दिवसभर एकमेकांवर तुटून पडले आणि मधल्या सुट्टीत एका टेबलावर बसून सूप प्यायले. ते पाहून दोन्ही भाऊ हादरले. निकाल वसुधाच्या विरुद्ध लागला.

तो शेतकरी तिच्या अंत्यविधीला आला होता. शंभर मैलांवरून, बसने. टोपी हातात घेऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मी तुमच्या मुलीबरोबर हरलो. पुन्हा कोर्टात जायची वेळ आली असती, तर पुन्हा तिलाच बोलावलं असतं."

पद्मजाताई, मी तीस वर्षं लोकांना भूल देतोय. हजारो माणसं झोपवली आणि सुखरूप उठवली. त्यातला एकही माझ्या अंत्यविधीला बसने येणार नाही. त्यांना माझं नावसुद्धा ठाऊक नसतं. तर मग वाया कोण गेलं, सांगा ना?

आता मुद्द्यावर येतो. पाच मिनिटं केव्हाच झाली, अतुल मागून घड्याळ दाखवतो आहे. अतुल, हात खाली घे.

मार्च महिन्यात चंद्रशेखरची मुलगी पद्मिनी माझ्याकडे आली. इथेच वाढलेली, या महिन्यात ग्रॅज्युएट होते आहे. तिला बॉस्टनच्या लॉ स्कूलमध्ये प्रवेश मिळाला आहे. बाबांना ती डॉक्टर व्हायला हवी आहे. कर्जाच्या फॉर्मवर वडिलांची सही लागते आणि फॉर्म पुढच्या शुक्रवारपर्यंत पोचायला हवा. ती मला म्हणाली, "काका, विल यू टॉक टू हिम? तुमचं ऐकतील ते."

मी विचारलं, "बाबा काय म्हणतात?"

ती खाली बघत म्हणाली, "ते म्हणतात, वसुधाताईचं काय झालं बघ."

मी तिला सांगितलं, हा तुमच्या घरातला प्रश्न आहे, मी मधे पडणार नाही. चहा विचारला. हो, मीसुद्धा चहाच विचारला. ती "इट्स ओके, काका" म्हणून गेली आणि मी रात्रभर जागा राहिलो. कारण माणूस माझ्या दाराशी आला होता, मी मोकळा होतो, विषय माझ्याइतका या गावात कोणालाच ठाऊक नव्हता, आणि मी नाही म्हणालो होतो. का? तर केस अवघड होती आणि समोर माझा मित्र होता.

दुसऱ्या दिवशी मी पद्मिनीला फोन करून सांगितलं, मी तुझं काम घेतलं. त्यानंतर दोनदा चंद्रशेखरच्या घरी गेलो. दोन्ही वेळा मी "वसुधा" म्हटलं आणि त्याचे डोळे भरले. माझा हात धरून म्हणाला, "श्रीरंग, तुला त्रास होतो, नको." सुचित्रावहिनी, तुम्ही तिथेच होतात. रडणाऱ्या माणसापुढे बाजू मांडता येते का?

म्हणून इथे मांडतो. चंद्रशेखर, तुझ्या निरोपाच्या दिवशी, तुझ्याच माइकवर. यानंतर तू माझ्याशी जन्मभर बोलणार नाहीस, हे धरून मी आलो आहे.

तू माझ्या मुलीला साक्षीला उभं केलं आहेस. स्वतःच्या मुलीविरुद्ध. वसुधा आता उत्तर द्यायला नाही, म्हणून तिची साक्ष मी देतो. तिला वकिलीने मारलं नाही. रस्त्यावर तेल सांडलं होतं. मीही रोज पहाटे पाचला रूट नाइनवरून हॉस्पिटलला गाडी नेतो. मला काही झालं तर तू पद्मिनीला डॉक्टर होऊ नकोस म्हणशील का? ती एकटी राहिली, खरं आहे. ओल्या खोलीत राहिली, दोन वर्षं एकच कोट घातला, खरं आहे. आणि फोनवर पुढच्या केसबद्दल बोलताना श्वास घ्यायला विसरायची, हेही खरं आहे. दुःख आमचं आहे. ते आम्ही सांभाळू. तुझ्या मुलीच्या वाटेत आडवं घालायला ते मी कोणाला देणार नाही. तुलाही नाही.

"तिचं काय झालं बघ" म्हणतोस ना? बघ. पण पूर्ण बघ. शेवटचा एक दिवस बघू नकोस, सहा वर्षं बघ.

माझं म्हणणं संपलं. निकाल माझ्या हातात नाही. हरलो तरी चालेल, माझ्या घरात हरण्याची लाज आता कोणाला वाटत नाही. उत्तर मला देऊ नकोस, तिला दे, शुक्रवारच्या आत.

फक्त एक राहिलं आहे. त्र्याऐंशी साली त्या दाराबाहेर एक वडील उभे होते आणि गप्प बसले होते. आज ते गप्प बसणार नाहीत. मागच्या दाराशी, ताटं मांडायच्या टेबलाजवळ एक मुलगी उभी आहे, तिला माझी विनंती आहे की नाव ऐकलं की पुढे ये.

मिस पळसुले!

हं. ये. अशीच ये. इकडे माझ्याकडे बघायची गरज नाही.

चंद्रशेखर, तू तिला "मागे जा" म्हणाला नाहीस. मी बघितलं. आता तेवढं पुरे.

अध्यक्षांनी मला वेळेपेक्षा जास्त बोलू दिलं, त्यांचे आभार. मसालेभात गार झाला असेल तर दोष माझा. पळसुले कुटुंबाला नव्या गावी नव्या घरात आमच्या दोघांच्या मनापासून शुभेच्छा. मी बोलणारा माणूस नाही, बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनाने माफ करा. नाव मोठ्याने पुकारलं, त्याची मात्र माफी मागत नाही.

नमस्कार.