समोरून येणाऱ्यासाठी एक बोट

ऑस्ट्रेलियातल्या डबो शहरात हाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलो होतो. आतून एक आजी हसत बाहेर आल्या, तसा माझ्या शेजारचा म्हातारा फिस्कारला.

"ओळख आहे का, बेरिल? की इथंही नाहीच?"

"अरे मर्व! तूच बोलेनासा झालास."

"मी? दोन वर्षं समोरून गाडी घेऊन जातेस नि ढिम्म! आपल्याकडे अनोळखी गाडीलासुद्धा नमस्कार म्हणून स्टिअरिंगवरून एक बोट उचलतात."

"उचलायला बोट होतं कुठं? संधिवातानं सगळी वाकडी होऊन खाली लोंबत होती. स्टिअरिंग तळव्यांनी धरायचे मी."

"मला वाटलं, माझ्या वळूनं तुझं कुंपण तोडलं, त्याचा राग."

"राग आहेच. पण म्हणून बोट उचलणार नाही? असं वाटलंच कसं तुला!"

"दाखव बघू हात."

"हे बघ. बोटांच्या मुळाशी नवे सांधे बसवलेत, घसरलेल्या शिरा जागेवर आणल्यात."

"सरळ की गं! आता चहाचा कप धरशील."

"डॉक्टरीणबाईंनीही ऑपरेशनआधी विचारलं, कप धरता यायला हवा ना? म्हटलं, कप दोन्ही हातांनी धरीन मी, मला हे एक बोट तेवढं उचलून द्या."

"आणि गाडी?"

"आजपासून चालवा म्हणाल्या. ही काय चावी! अरे, उठलास कुठं? तुझा नंबर यायचाय ना?"

"येईल परत. तू सावकाश नीघ. मी पुढं जातो, पुलापाशी गाडी वळवतो आणि समोरून येतो."