फाटकावर लांबलेला नमस्कार

मी, ओनालेना मोसेकी, वय ३९ वर्षे, धंदा पाहुण्यांना मोटारसायकलवरून जंगलपट्ट्यात फिरवणे, राहणार माउन, बोट्स्वाना, समक्ष हजर राहून सांगते की, आज दुपारी फाटकावरच्या फोनवरून एक पाहुणा हरवल्याची खबर मीच दिली होती. तो सापडला आहे. हकिगत विचारल्यावरून सांगते.

आमच्या तांड्यात चार पाहुणे, प्रत्येक जण आपापल्या मोटारसायकलवर. सर्वांत मागे माझा जोडीदार थुसो, पुढे मी. पुढची गाडी मला या खेपेस पहिल्यांदाच मिळाली. देताना मालकांनी बजावलं होतं, "एक जरी माणूस इकडचा तिकडे झाला, तर जन्मभर मागे राहून धूळ खायची."

हरवलेला पाहुणा आक्सेल, वय ६७, डेन्मार्कचा, पूर्वी बेकरी चालवायचा. आल्यापासून त्याला आमचा नमस्कार शिकण्याचं वेड लागलं. पेट्रोल पंपावर, दुकानात, जो भेटेल त्याच्यापुढे हात करायचा. थुसो म्हणालासुद्धा, "ताई, याला आवर. सकाळी बकरीच्या घरच्यांची खुशाली विचारत होता."

सकाळी आम्ही गुरांची साथ पसरू नये म्हणून घातलेल्या कुंपणाच्या फाटकावर पोहोचलो. तिथे प्रत्येकाचे बूट आणि चाकं औषधाच्या पाण्यातून काढतात. आक्सेलचं आधी उरकलं. मी त्याला पलीकडे सावलीत थांबायला सांगितलं. सावलीत गाढवं उभी होती, म्हणून तो दुसरी सावली शोधत पुढे गेला, हे नंतर कळलं. पुढे वाट फुटते. आमची डावी. तो उजवीने गेला.

हे फाटकावरच्या मोआगीकाकांनी पाहिलं. ते माझ्याकडे आले. वडीलधारा माणूस, म्हणून मी हेल्मेट काढलं, डावा हात उजव्या कोपराला लावून हात पुढे केला.

"दुमेला, पोरी. कशी उठलीस?"

"बरी उठले, काका. तुम्ही कसे उठलात?"

"बरा आहे. आई कशी आहे? गुडघा दुखायचा ना तिचा?"

मी गुडघ्याचं सांगितलं. मग त्यांनी पाऊस विचारला, मी त्यांची गुरं विचारली. एक गाय व्यायली होती, तिचंही ऐकलं. सगळं यथासांग झाल्यावर काका म्हणाले, "बरं, तो तुझा पांढऱ्या दाढीवाला उजव्या वाटेने गेला हं."

"अहो काका, हे आधी सांगायचं ना!"

"नमस्कार न करताच? मी काय गुरं हाकतोय?"

यात काकांची चूक आहे असं माझं म्हणणं नाही. त्यांच्या जागी मी असते, तर मीही तेच केलं असतं.

बाकीच्या पाहुण्यांना थुसोपाशी ठेवून मी लगेच निघाले. वाटेत हत्तींचा कळप आडवा आला. इंजिन बंद करून थांबावं लागलं. कळप गेला, तोवर वाळूतल्या चाकांच्या खुणा तुडवल्या गेल्या होत्या. पुढे वाटेला फाटेच फाटे. परत येऊन मी खबर दिली आणि पुन्हा शोधायला गेले.

आक्सेलजवळ पाण्याची एकच लहान बाटली होती, मोठा कॅन थुसोच्या गाडीवर. ऑक्टोबरच्या उन्हात त्या बाटलीने काय होणार? पुढची गाडी गेली तर गेली, पण म्हातारा जिवंत मिळू दे, एवढंच मनात होतं. हेल्मेटच्या आत मी रडले. लिहायचं तर लिहा.

थोडं जायचं, इंजिन बंद करून कानोसा घ्यायचा, असं करत गेले. उन्हं कलली होती. एका पाणवठ्यापाशी इंजिन बंद केलं, तर समोर तोच कळप, आणि कळपापलीकडून माणसाचा आवाज येत होता. हळू, न थांबता. "दुमेला. कसे उठलात? आई कशी आहे?" पुन्हा पहिल्यापासून तेच.

पहिल्याच दिवशी मी पाहुण्यांना सांगितलं होतं, की हत्ती जवळ आले तर पळू नका, हॉर्न देऊ नका, हळू आवाजात बोलत राहा, म्हणजे तुम्ही कुठे आहात ते त्यांना कळतं. आक्सेल वारुळाच्या आडोशाला बसून तेच करत होता. आमच्या भाषेतलं त्याला तेवढंच येत होतं, आणि इथल्या हत्तींशी इथल्याच भाषेत बोलावं असं त्याला वाटलं.

कळप हलल्यावर मी पाण्याची बाटली घेऊन धावले. तोंडात शिव्या तयार होत्या. त्याचे ओठ फुटले होते. तरी त्याने डावा हात कोपराला लावला, उजवा पुढे केला आणि म्हणाला, "दुमेला. कशी उठलीस?"

मी आधी त्याच्या तोंडाला बाटली लावली. आयुष्यात पहिल्यांदा मी वडीलधाऱ्या माणसाचा नमस्कार तसाच ठेवला. त्याचं पाणी पिऊन झाल्यावर तिथेच वाळूत बसून उत्तर दिलं, आईच्या गुडघ्यासकट.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. मालकांना मी फोनवर सगळं सांगितलं. आक्सेलने फोन माझ्या हातातून घेतला आणि उद्या ही पुढे नसेल तर मी इथून हलणार नाही, असं त्यांना सुनावलं. उद्या सकाळी पुढे मीच आहे.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला माझ्या भाषेत वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. वाचण्याआधी त्यांनी आईची खुशाली विचारली, मी त्यांच्या गुरांची. बाहेर कोणी हरवलेलं नसल्यामुळे दोघांनीही सावकाश उत्तरं दिली.

सही: ओनालेना मोसेकी