आत काय आहे ते सांगितलं म्हणून

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान झालेले संरक्षण खात्याचे वरिष्ठ अधिकारी, आपल्या नगराध्यक्षा बाई, शस्त्रभांडाराचे उपप्रमुख म्हणजेच आजचे सत्कारमूर्ती, ज्यांना अख्खं गाव ‘चष्मेवाले साहेब’ म्हणूनच ओळखतं, त्यांच्या शेजारी बसलेल्या आमच्या वहिनी, आणि कामधंदा सोडून इथे आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी अग्निशमन दलाचा माणूस. मला भाषणाची सवय नाही, ओरडायची आहे. आगीजवळ हळू बोललेलं कुणाला ऐकू जात नाही. तेव्हा माइक थोडा लांबच ठेवतो.

आत्ताच सूत्रसंचालिका ताईंनी फार गोड शब्दांत सांगितलं, की साहेब ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ मुदतीआधी निवृत्त होत आहेत. ताई, तुमचा दोष नाही, तुम्हाला लिहून दिलं ते तुम्ही वाचलंत. पण आज हे तिसऱ्या मजल्यावरचं सभागृह, लिफ्ट बंद, आणि साहेब जिना चढून माझ्या आधी वर पोचले. मी धापा टाकत होतो, ते मला पाणी देत होते. प्रकृतीचं कारण असेल, तर ते कुणाच्या प्रकृतीचं, हे मला विचारावंसं वाटतं. सत्य न पचणाऱ्यांच्या?

हसू नका. मी हसवायला उभा नाही.

त्या दुपारची आग तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली आहे. बाजाराच्या रस्त्यावर भांडाराचा ताफा चालला होता. मधल्या मोठ्या ट्रकचा मागचा ब्रेक अडकला, चाक तापलं आणि टायर पेटला. टायरची आग ज्याने पाहिली नाही, त्याला सांगतो, ती आग हट्टी सासऱ्यासारखी असते. गप्प झाली असं वाटतं, आणि पुन्हा उठते. आम्ही बंब घेऊन पोचलो तोवर ज्वाळा ट्रकच्या पाठीवर चढल्या होत्या. शिवणक्लासच्या मुली वरच्या खिडक्यांत उभ्या राहून बघत होत्या. दातांच्या दवाखान्यातला एक पेशंट तोंडात कापूस धरून रस्त्यावर आला होता.

ताफ्याच्या अधिकाऱ्याला मी विचारलं, “आत काय माल आहे?”

“यंत्रसामग्री.”

“कसली? पेटणारी, की न पेटणारी?”

“ते वरून विचारून सांगावं लागेल.”

“अहो, वरून उत्तर येईपर्यंत आपण सगळेच वर जाऊ!”

तो तरुण माणूस होता, घामाने निथळत होता. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला तोंड उघडायची मुभाच नव्हती.

मग मी आमच्या धंद्याचा साधा नियम लावला. आत माणूस नाही, माल सरकारी आहे, तर ट्रक जळू द्यायचा आणि दुकानं वाचवायची. मी हुकूम सोडला, “नळ्या दुकानांकडे वळवा!” मंडळी, तो हुकूम बरोबर होता. मला जे सांगितलं होतं, त्याच्या हिशेबाने शंभर टक्के बरोबर होता. आणि त्याच हुकमाने हे गाव विषात बुडालं असतं.

तेवढ्यात मागच्या जीपमधून चष्मेवाले साहेब धावत आले. चष्मा नाकावर घसरलेला, एका पायातला बूट कुठेतरी पडलेला. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “पाणी तिकडे नको. ट्रकवर, त्यातल्या पेटीवर मारा. थांबू नका.”

“का?”

ताफ्याचा अधिकारी मध्ये आला. “सर, बोलू नका. तुम्हाला परवानगी नाही.”

साहेबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा वर खिडक्यांतल्या मुलींकडे. आणि मला म्हणाले, “आत अण्वस्त्र आहे.”

मला एकच प्रश्न सुचला. खोटं कशाला बोलू?

“फुटेल?”

“अणुस्फोट होणार नाही, बहुधा. पण त्याच्याभोवती साधं स्फोटक आहे, जुन्या पद्धतीचं. ते तापलं तर उडेल, आणि आतल्या धातूची विषारी धूळ वाऱ्यावर गावभर जाईल. पेटी थंड ठेवा. माणसं वाऱ्याच्या उलट बाजूला न्या. आणि तुमच्या पोरांना मुखवटे घालायला सांगा.”

“बहुधा म्हणजे काय हो?”

“बहुधा म्हणजे बहुधा,” ते म्हणाले. “मी तुम्हाला खोटं सांगणार नाही.”

अध्यक्ष महोदय, त्या दिवसापासून हा शब्द माझ्या घशात काट्यासारखा अडकला आहे. आपल्या पोराबाळांचे जीव ‘बहुधा’वर टांगून ठेवायचा अधिकार कुणाला, कधी, कुणी दिला? आम्ही मत दिलं तेव्हा त्यात हा शब्द नव्हता!

बाकीचं तुम्हाला माहीत आहे. बाजार रिकामा झाला. शिवणक्लासच्या बाईंनी मुलींना मागच्या जिन्याने उतरवलं. आणि आमचा गवई पेटीच्या सगळ्यात जवळ गेला. गवई म्हणजे आमचा फवारा धरणारा गडी. काम करताना गुणगुणतो म्हणून हे नाव पडलं. मुखवटे दोनच चांगले होते. ते त्याने नव्या पोरांना दिले, आणि स्वतः ओला रुमाल बांधून उभा राहिला. आग विझेपर्यंत तो हलला नाही. पेटीचं एक टोक काळं पडून तडकलं होतं, पण स्फोटक उडालं नाही.

गवई आज आला आहे, आमच्या पोरांनी त्याला खुर्चीवर बसवून वर आणलाय. दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. त्याला उभं राहायला सांगत नाही, उभं राहिलं की त्याला दम लागतो. आता तो गुणगुणत नाही. छातीच्या डॉक्टरांनी खात्याला विचारलं, “याच्या फुप्फुसात नेमकं काय गेलंय ते सांगा, म्हणजे औषध ठरवता येईल.” खात्याचं उत्तर आलं, “माहिती गोपनीय आहे.” अहो, त्याच्या छातीत आहे ते त्याच्यापासूनच गोपनीय? त्याची बायको मला म्हणाली, “भाऊजी, शत्रूला कळेल म्हणतात. माझ्या नवऱ्याच्या खोकल्यातून शत्रूला काय कळणार आहे?” व्यासपीठावर कुणाला याचं उत्तर येत असेल, तर त्यांनी माझ्यानंतर जरूर द्यावं.

नंतर चौकशी बसली. मला साक्षीला बोलावलं होतं. मला वाटलं, विचारतील ब्रेक का अडकला, ताफा भर बाजारातून का नेला, अग्निशमन दलाला आधी का कळवलं नाही. माझी तयारी होती. पण समोरच्या साहेबांनी मला एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारली. “ते शब्द त्यांनी तुमच्यापाशी उच्चारले का?”

मी म्हणालो, “उच्चारले म्हणून तुम्ही आज इथे बसून विचारू शकताय.”

“हो की नाही, एवढंच सांगा.”

“हो.”

झालं. माझ्या त्या ‘हो’वर या माणसाची नोकरी गेली.

त्याच चौकशीत मी कानांनी ऐकलं, की साहेब कित्येक वर्षं प्रत्येक बैठकीत तेच तेच मागत होते. आगीत न उडणारं स्फोटक वापरा, ते उपलब्ध आहे. अस्त्र चुकून चालू होऊ नये म्हणून त्याला उष्णतेत न वितळणारी कुलपं बसवा. वस्तीतून वाहतूक बंद करा. वाटेवरच्या बंबवाल्यांना निदान एवढं सांगा की पाणी कुठे मारायचं. आणि दर वेळी त्यांना एकच उत्तर मिळालं, “आजवर काही झालेलं नाही.” वा! दारू पिऊन गाडी चालवणाराही घरी पोचेपर्यंत हेच म्हणतो. इतकी वर्षं आपल्याला नशिबाने सांभाळलं, आणि पाठ थोपटून घेतली खात्याने.

ताई, चिठ्ठी मिळाली. ‘आवरते घ्या’ असं लिहिलंय. घेतो.

आज इथे साहेबांच्या प्रामाणिकपणाचं, शिस्तीचं, मनमिळाऊ स्वभावाचं कौतुक झालं. सगळं खरं आहे. पण ज्या गोष्टीसाठी त्यांना घरी पाठवलं, तिचं नाव कुणी घेतलं नाही. म्हणून मी घेतो. साहेब, तुम्ही नियम मोडलात. आमच्या दलाच्या, त्या मुलींच्या, त्यांच्या आईबापांच्या वतीने तुमचे आभार. वहिनी, काल तुम्ही मला म्हणालात, “यांनी गप्प बसायला हवं होतं का हो, असं रात्री मनात येतं.” नाही, वहिनी. मनातसुद्धा येऊ देऊ नका.

आता शेवटचं. खात्याचे साहेब, गेल्याच आठवड्यात तुमचा ताफा पुन्हा त्याच बाजारातून गेला. आम्हाला कळवलं नव्हतं. तसेच ट्रक, तोच रस्ता, खिडकीत त्याच मुली. तेव्हा आमच्या दलाने बसून एक ठरवलं आहे, आणि ते मी इथे सगळ्यांसमोर सांगतो. यापुढे तुमचा ताफा वेशीत शिरला, की आमचा बंब त्याच्या मागे लागेल. भरलेल्या टाकीनिशी आणि भोंगा वाजवत, गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. लोक दारात येतील, विचारतील काय चाललंय. आम्ही सांगू. गोपनीयता पाळायची असेल, तर दुसरा रस्ता शोधा. भोंगा बंद व्हावा असं वाटत असेल, तर चष्मेवाल्या साहेबांनी मागितलं होतं ते आधी करा. परवानगीचं म्हणाल, तर ती आम्ही वरून मागवलेली नाही.

अध्यक्षांनी वेळ दिला, तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, सर्वांचा ऋणी आहे. बोलण्याच्या भरात काही कमी-जास्त झालं असेल, तर पदरात घ्या. जास्त बोललो असेन, तर थोडी माफी द्या. कमी बोललो असेन, तर ती माफी मात्र गवईकडे मागावी लागेल.

धन्यवाद.