भाऊ दुसऱ्यांदा आत आले

नाही बाई, हे मला नाही बोलता येणार. चहा पी, एवढ्या उन्हातून आलीस, पण हे नाही. अंकिता म्हणालीस ना? भाऊंच्या ऑफिसातली? तुझ्यावर राग नाही माझा, तू नोकरी करतेस. ‘माझे पती जालिंदर गेल्यावर भाऊंनी आम्हाला आधार दिला’ — एवढंच कॅमेऱ्यात बघून बोलायचं, व्हय ना? इलेक्शन आलं म्हणून. पण आधार म्हणजे काय गं? साडी दिली. तीसुद्धा एकच साडी दोनदा दिली. कशी? सांगते की. ऐकून तर जा.

तुला तो आमदार युवराजभाऊ. आम्हाला तो शिवपुत्र. दुधनीहून आला तेव्हा आमच्या ह्यांच्या टॉकीजमध्ये दारावर तिकिटं फाडायला होता. हे ऑपरेटर — जालिंदर ऑपरेटर म्हटलं की अर्धं सोलापूर ओळखायचं. राहायला जागा नाही म्हणून ह्यांनी त्याला मशीनच्या केबिनमध्ये झोपू दिलं, एक नाही, दोन वर्षं. त्या झरोक्यातून बघून बघून त्यानं सगळे हिरो पाठ केले — कोण कसा वळतो, कोण कुठं थांबून रडतो. स्वतःचं असं काय होतं त्याच्याकडं? उंची होती. कोल्हापूरला शूटिंगला गेला तो ह्यांच्या लग्नातला शर्ट घालून. चार पिक्चर नुसता मार खाल्ला, मग झाला हिरो. त्याचा तो बेड्यांचा सीन — जेलमधून बहिणीच्या लग्नाला येतो आणि बेड्या घातलेल्या हातांनी अक्षता टाकतो — लई चालला. पब्लिक ‘वन्स मोअर’ म्हणून खुर्च्या बडवायचं, आणि हे रीळ मागं घेऊन तेवढा तुकडा परत लावायचे. मी असायचे लेडीजमध्ये. एकदा विचारलं, अहो, बायका दुसऱ्यांदा पण कशा काय रडतात? तर म्हणाले, ‘दुसऱ्यांदा जास्त रडतात. तयारीत असतात.’

मग पोट सुटलं. मग सिरीयलमध्ये सासरा. मग टीव्हीवर लहान पोरांच्या नाचाला मार्क द्यायला खुर्चीत. तेही सुटलं तेव्हा ह्याला जनता आठवली. एक पक्ष झाला, दुसरा झाला, आता तिसरा म्हणतात — विचारू नको, तुझ्या तोंडून नाव निघायच्या आत बदलायचा. भाषण करतो म्हणे! भाषण कसलं, तेच जुने डायलॉग, तेच थांबणं. सांगोल्याकडच्या बायका पाण्याचा टँकर मागायला आल्या तर म्हणाला, ‘तुमचा भाऊ जिवंत आहे.’ टाळ्या पडल्या. टँकर कुठाय?

टॉकीज मोडलं, तिथं मंगल कार्यालय झालं, हे घरी बसले. मागायचं काही नव्हतं ह्यांना. नुसतं भेटायचं होतं. तीनदा गेले बंगल्यावर. तिसऱ्या वेळी गेटवरच चहा दिला आणि सांगितलं, साहेब मुंबईला गेलेत. गाडी आत उभी! आणि हे घरी येऊन मला काय सांगतात — ‘चहा चांगला होता.’ असा माणूस.

आणि मग हे गेले, तर चौथ्या दिवशी तीन गाड्या. पाचव्याला पुण्यानुमोदन होतं, गेलेल्या माणसासाठीची बुद्धवंदना, म्हणून घर माणसांनी भरलेलं. आला, चपला काढल्या, इथं माझ्यापुढं खाली बसला. दुखवट्याची साडी माझ्या मांडीवर ठेवली. मी दगडासारखी बसले होते, चार दिवस तशीच. त्यानं ह्यांच्या फोटोकडं बघितलं आणि म्हणाला, ‘जाल्या, न सांगता गेलास?’ जाल्या! तो एकटाच म्हणायचा ह्यांना तसं, केबिनमध्ये असताना. आवाज फाटला त्याचा. आणि माझा बांध फुटला, पोरी. मला वाटलं, नाही, काही का असेना, हा ह्यांना विसरला नाही. मी त्याचे हात धरून रडले.

आणि मागून कोण तरी म्हणतो, ‘भाऊ, आवाजच आला नाही. माईक बंद होता.’

तो उठला. डोळे कोरडे. माझ्या मांडीवरची साडी उचलली, घडी नीट केली. मला म्हणाला, ‘वहिनी, जरा असं सरकता का? बाबासाहेबांचा फोटो मागं आला पाहिजे.’ बाहेर गेला. चपला घातल्या. चपला काढल्या. आत आला. बसला, साडी ठेवली, फोटोकडं बघितलं, ‘जाल्या, न सांगता गेलास?’ — तिथंच आवाज फाटला. केसाएवढा फरक नाही.

आठ लाख लोकांनी बघितलं म्हणे ते. तूही बघितलंयस ना? मग मला सांग, त्यात कोण रडतंय? मीच की! वीस वर्षं बालवाडी शिकवली, पोरांची नाटकं बसवली, मला कळत नव्हतं का काय चाललंय? कळत होतं. तरी मी सरकले. तोंड दिसावं म्हणून पदर मागं घेतला. मला कुणी सांगितलं नव्हतं पदराचं. आणि रडले. पहिल्यापेक्षा जास्त रडले.

त्याला काय बोलायचं? त्याचा धंदाच तो. मी कोण होते तिथं?

चौदा महिने झाले. त्या दिवसानंतर एकदाही रडले नाही मी. येतं इथपर्यंत, नाही असं नाही. पण आलं की मनात येतं, हे खरं का तयारीतलं? आणि जिरून जातं. बहीण म्हणते, शालन घट्ट मनाची. घट्ट कसली, नवऱ्यासाठी रडायचं राहिलंय माझं. आणि तू म्हणतेस अजून एकदा बोला.

परवा दुपारी लाईट गेली. पूर्वी टॉकीजमध्ये पिक्चर मध्येच बंद पडलं की पब्लिक ह्यांनाच शिव्या घालायचं — ‘एऽ ऑपरेटर, झोपला का रे!’ म्हणून घरात लाईट गेली की हे स्वतःच ओरडायचे, ‘एऽ ऑपरेटर!’ आणि स्वतःच हसायचे. कंटाळा यायचा मला, तीस वर्षं एकच विनोद. परवा फॅन थांबला आणि मी पोळी लाटता लाटता हातात लाटणं तसंच धरून थांबले. आता ओरडतील म्हणून. किती तरी वेळ थांबले गं मी. कुणी ओरडलंच नाही... कुणीच...

काय करतेस तू?

फोन खाली कर. खाली कर म्हणते ना!

ऊठ. चहा राहू दे. जा तू — आणि जाताना दार ओढून घे.