बांधाखालच्या कोया

माजं माहेर घाटघरच्या अलीकडं, डोंगराच्या पार कुशीत, भाताची खाचरं आन वरच्या अंगाला नाचणी-वरईचं रान, पावसाळ्यात नुसतं धुकं, अंगणातली म्हैस दिसायची न्हाई इतकं धुकं, आन आमच्याकडं राब भाजायचे, म्हणजे काय सांगू तुमाला भाऊ, उन्हाळ्यात पाला, गवत, शेणकूर सगळं वाफ्यावर पसरायचं, वरनं मातीचा थर द्यायचा आन पेटवायचं, ते धुमसत राहायचं आन त्या काळ्या झालेल्या जागंत भाताचं रोप धरायचं. वडील आमचे राबाजवळ बसून राहायचे. भडका उठला की शिव्या द्यायचे, म्हणायचे चांगुणा, माती टाक, ह्याची राख करू नको, राख पहिल्या पाण्यात व्हाळाला जाती. चांगुणा म्हणजे मीच. आन हद्दीचा दगड रोवायचा झाला की वडील आधी खड्ड्यात कोळशाची पाटी ओतायचे, म्हणायचे दगड कोणीबी उपटून नेईल, कोळसा कोण वेचीत बसतंय, त्यो मातीत कुजत न्हाई का सडत न्हाई. सगळ्या जुन्या माणसांची तीच रीत व्हती.

मला दिली ती ओतूरच्या खालच्या अंगाला. इथं सगळं कांदा, टमाटं, ऊस. मोटार चालू केली की पाणी. मी आले तवा बाया मला नावानं हाक मारायच्याच न्हाईत, मावळातली म्हणायच्या, मावळातलीला बोलवा, मावळातली कुठं गेली. त्याचं मला काय वाटायचं न्हाई, मावळातली तर मावळातली. पण एक माणूस त्यो शब्द असा म्हणायचा की थुंकल्यासारखा. रंगनाथ. आमच्या मालकांचा चुलत भाऊ, वयानं मोठा, म्हणजे माजा मोठा दीर, भावजी म्हणायचं. तोंडानं म्हणत व्हते, मनात कधी म्हणलं न्हाई.

त्याचं रान आन आमचं रान एका बांधाला. आन त्यो बांध कोरायचा. नांगरताना एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, आमच्या अंगाला ज्यादा घालायचा, बांधाची माती ढासळली की आमच्याकडं सरकवून वर थापायची. दर साली थोडं थोडं. घरात बसल्या माणसाला कळत न्हाई, पण जी बाई रोज त्या बांधावर गवत कापती तिला कळतं. मी मालकांना म्हणलं, तुमचा भाऊ बांध खातोय. मालक म्हणले खाऊ दे, भावकी आहे, इतक्यासाठी काय तोंड वाईट करायचं. आमचे मालक असे. गरीब सोभावाचे. त्यांना राग येतच न्हाई, देवानं त्यांचा वाटा मलाच दिला असंल.

पण मी लई मागं लागले तवा एकदा गेले बोलायला. मी मागं उभी व्हते, कांदा काढायला आलेल्या बाया व्हत्या, त्याचा गडी व्हता. मालक एवढंच म्हणले, दादा, जरा बांध बघून नांगरत जा. तर त्यानं काय करावं, सगळ्यांच्या देखत मालकांच्या थोबाडीत दिली. टोपी खाली पडली. आन म्हणला, ही मावळातली तुला शिकवून पाठवती व्हय, डोक्यावर नाचणीची पाटी घेऊन आलेली, तिला काय जमिनीची हद्द कळती. मालकांनी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर घातली आन घरी आले. जेवले. झोपले. मी न्हाई झोपले. आज सांगते भाऊ, त्यो बांध दोन हात गेला का चार हात गेला त्याचं दुख एवढं न्हाई, पण ती टोपी झटकताना मालकांनी माज्याकडं नजर वर केली न्हाई, ते मी बघितलंय.

मंग मोजणी आणली आमी. तर हद्दीचा दगडच जाग्यावर न्हाई. उपटून कुठं टाकला त्याला ठाव. मोजणीवाल्यानं बिचाऱ्यानं साखळी ओढली, पण रंगनाथ म्हणला मला मान्य न्हाई, वर अर्ज करतो, आन ते लटकलं. गावातली माणसं म्हणली सध्या जिथं बांध हाय तिथं राहू द्या. तवा मला वडलांची आठवण झाली. दगडाखाली कोळसा न्हवता. ह्या लोकांना ती रीतच न्हाई.

आता कोळशाचं सांगते, तुमी त्यासाठीच आला ना. त्या टायमाला पुण्याकडनं कुठल्या तरी संस्थेची माणसं गाडी घेऊन आली, शाळंच्या पटांगणात उसाचं पाचट पेटवून दाखवलं. एक मोठं पिंप, त्याच्यात बसतील असे टोपणाचे डबे, डब्यात पाचट गच्च दाबायचं, खालनं जाळ लावायचा, आतला धूर भोकातनं खाली येऊन त्योच पेटतो आन डबे भाजत राहतो. वारा लागत न्हाई म्हणून राख होत न्हाई, कोळसा होतो. त्यांचं म्हणणं ह्या कोळशाच्या कांड्या करा, चुलीला वापरा. मी इचारलं, साहेब, आमच्या राबासारखा शेतात टाकला तर? ते म्हणले मावशी, बेस्टच की, कुठं कुठं तसंच करतात. त्यांनी ते पिंप गावाला ठेवलं, कोणी हात लावंना, शाळंमागं पडून गंजायला लागलं, मंग मी बैलगाडीत घालून आणलं.

सुरुवातीच्या जाळाला सरपण कुठनं आणू, तर आमच्याकडं गोबरगॅस व्हता, त्याची नळी पिंपाखाली घेतली. शेणाच्या गॅसवर पेटवायचं, मंग आतला धूर आपला आपण जळायचा. लोडशेडिंग असो का नसो, माजी भट्टी चालू. पाचट, दाणे काढलेली मक्याची कणसं, कांद्याची पात, टमाट्याचे येल, आन नारायणगावच्या बाजारात भाव पडला की लोक टमाटं रस्त्याला ओतून जायचे, तेबी मी आणायचे. पहिल्यांदा काय केलं, ओलंच टमाटं डब्यात भरलं, त्याचा असला रटरट लगदा झाला की टोपण उडालं आन माजी साडी, भिंत, कुत्रं, सगळं लाल. मंग कळलं, आधी उन्हात पत्र्यावर वाळवायचं, खडखडीत. अर्धं काम सूर्य करतो. आन कोरा कोळसा रानात टाकला तर कांदा पिवळा पडला, मंग त्यो शेणात-गोमूत्रात मुरवून टाकायला लागले. तवा रान सुधारलं. आमचं रान मुरमाड, पाणी दिलं की खाली जायचं, ते पाणी धरून बसायला लागलं. पण गाव हसायचं. रंगनाथ तर पारावर बसून म्हणायचा, मावळातलीनं रानाला काजळ घातलं, नजर लागंल म्हणून.

हसा म्हणलं.

मंग त्याच्या पोरीचं लगीन निघालं. राजुरीला दिली. दारातच मांडव, वैशाखात, आन आमाला बोलावणं न्हाई. सख्ख्या चुलत भावाला बोलावणं न्हाई भाऊ, ध्यानात घ्या, आमच्यात सोयऱ्याच्या गड्यालाबी बोलावतात. आख्खं गाव जेवायला, आमरस-पुरीचं जेवण, तेबी हापूसचा रस, त्यानं गावभर सांगितलं व्हतं हापूसचा. मालक त्या दिवशी आत खाटंवर पडून राहिले, पंगतीचा आवाज घरात येत व्हता. मी उठले, बारदानाची पोती घेतली आन पंगती उठल्यावर गेले त्याच्या दारात. मांडवामागं कोयांचा ढीग, नारळाच्या करवंट्या, पत्रावळ्या. मी भरायला लागले. बाया तोंडाला पदर लावून बघायला लागल्या. रंगनाथ फेटा बांधून आला, व्याह्यांच्या देखत म्हणला, आली का उष्टं न्यायला, ने ने, तुजा जलम उष्ट्यावरच जायचा. मी म्हणलं, भावजी, उष्टं का व्हईना, तुमच्या घरचं हाय, वाया घालवणार न्हाई. आन खरंच न्हाई घालवलं.

त्या कोया मी उन्हात वाळवल्या, डब्यात घातल्या, भाजल्या. कोळसा रानात टाकताना मी मोगरीनं कुटून टाकते, पण ह्या कुटल्या न्हाईत. अख्ख्या ठेवल्या. कोय भाजली तरी कोयच दिसती, काळी, हलकी, वाजवली तर टणटण. आन भर दुपारी, गाव जेवून निजलं असताना, बांधाच्या आमच्या अंगाला, नांगराच्या फाळाखाली जाईल इतका खोल चर घेतला आन ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत कोया लावून माती लोटली. मालक आले, म्हणले हे काय करती. मी म्हणलं हद्द लावती. ते म्हणले कोळशानं? मी म्हणलं, तुमच्या भावाला आता बांध खाऊ द्या. तुमी एक शब्द बोलायचा न्हाई.

आन त्यानं खाल्ला. दर साली. मी बांधावर गवत कापायचे आन बघायचे, बांध कवा कोयांच्या वर येतोय, कवा कोया वलांडून पुढं सरकतोय. गाव म्हणायला लागलं चांगुणा थंड पडली. मालकांनी आयुष्यात एकदाच माज्यावर आवाज चढवला त्यो तवा, म्हणले अगं तुज्या हट्टापायी चांगली पिकवलेली पट्टी जायला लागली, काळी केलेली पट्टी, सोड आता. मला रडू आलं. कारण ते खरं बोलत व्हते, ती पट्टी गेली असती तर माज्याच डोक्यावर पाप. पण मी म्हणलं न्हाई. अजून थोडं. अजून त्याला आत येऊ द्या.

जवा बांध कोयांच्या चांगला अलीकडं आला, आमच्या रानात, आन कोया त्याच्या कांद्याखाली गेल्या, तवा मी तंटामुक्तीच्या बैठकीत अर्ज दिला. राजुरीचे व्याही त्याच्याकडं मुक्कामाला व्हते, त्योच दिवस मी साधला, खोटं कशाला बोलू. सगळे रानात आले. मी आधी सगळ्यांच्या समोर त्याला इचारलं, भावजी, तुमी तुमच्या रानात कधी कोळसा घातला का? त्यो हसला, म्हणला मला काय येड लागलंय. मी म्हणलं परत सांगा, समद्यांना ऐकू येऊ द्या. त्यानं परत सांगितलं. मंग मी कांद्यात बोट दाखवलं, म्हणलं इथं खणा.

पहिल्यांदा बारीक काळा चुरा निघाला. त्यो म्हणला मी पाचट जाळतो, त्याची राख असंल. म्हातारे भिकाजीबाबा, गावात सगळ्यात जुने, ते म्हणले राख अशी ऱ्हाते व्हय रे, आणखी खण. मंग कोय निघाली. मंग दुसरी. ओळीनं. बाबांनी एक उचलली, नखानं खरवडली, वास घेतला, म्हणले ही तर आंब्याची कोय. मी म्हणलं, हापूसची. ह्यांच्या पोरीच्या लग्नातली. तुमी समद्यांनी रस खाल्ला, उष्टं मी नेलं, सगळ्यांनी बघितलं मला नेताना. त्या वैशाखात ही जागा माज्या रानात व्हती, आज ह्यांच्या कांद्यात कशी आली ते ह्यांना इचारा. व्याही खाली बघून चपलेनं ढेकळं फोडायला लागले. रंगनाथच्या तोंडाकडं मी पोटभर बघून घेतलं. लई साल उपाशी व्हते मी.

ठरलं की बांध परत कोयांच्या पलीकडं घालायचा आन त्यानं स्वतः घालायचा, गड्यानं न्हाई. दुसऱ्या दिवशी त्यो फावडं घेऊन आला. सगळं गाव बघायला. मी मालकांना पुढं केलं, म्हणलं तुमची ती थोबाडीत राहिली हाय, आता द्या. आत्ता द्या. मालक त्याच्याकडं गेले. मला वाटलं आज माजा जीव थंड होणार. तर मालकांनी दुसरं फावडं उचललं आन त्याच्या बरोबरीनं माती ओढायला लागले. दादा, तू दमशील म्हणले. लोक म्हणले देवमाणूस. मी म्हणलं देव असंल तुमचा, माज्या नवऱ्यानं आज मलाच हरवलं.

आता दोघं म्हातारे त्याच बांधावर बसून तंबाखू मळतात. त्याचं रान पांढरं पडलं, पाणी आन खत घालून घालून मीठ वर आलं, त्यो कोळसा मागायला आमच्या दारात येतो. पहिल्यांदा आला तवा मी घरात एकटी व्हते. म्हणलं, उष्टं न्यायला आलात का भावजी? त्यो व्हय म्हणला. खालमानेनं पोतं धरून उभा राहिला. मी भरून दिलं, पण कुटून न्हाई दिलं, म्हणलं स्वतः कुटा. मालक म्हणतात आता सोड, त्याचे पाय सुजलेत, किती दिवसाचा सोबती. मी कशी सोडू? ज्याची टोपी पडली त्यानं सोडलं, त्याचं मन मोठं. माजं तेवढं न्हाई, आन मी त्याची लाजबी धरत न्हाई.

पोराला सांगून ठेवलंय, मी मेले की त्या घरचा खांदा मला लागता कामा नये. आन नदीला न्यायचं ते न्या, पण चार हाडं मागं ठेवा, ती नीट भाजा, राख होऊ देऊ नका, आन त्या बांधाखाली पुरा. पोरगं म्हणतं आई कायतरीच बोलती. कायतरीच न्हाई. त्याची नातवंडं मोठी व्हायला लागलीत, ट्रॅक्टर घेतलाय त्यांनी.

चहा निवला की तुमचा भाऊ, घ्या. लांबनं आलात, एवढं ऐकून घेतलंत, तुमच्या लेकराबाळांना देवानं काय कमी पडू देऊ नये. जाताना बांधावरनंच जा, वाट जवळ पडती. पण पाय आपल्या अंगाला ठेवा.