माह्या हातात लेकरू

माहं नाव पार्वता. गाव सिंदेवाहीकडलं, धानाचं, चार एकर बांधी आन पाच-सहा बकऱ्या, बाकी मंग जंगल. मी मायजवळ कमी आन आजीजवळच जास्त वाढली. काऊन म्हणाल, तं मी दीड वर्साची असन, आन मायले दुसरं लेकरू झालं. आमच्याकडं तसंच असते बाई, पाठचं आलं का मोठं लेकरू आजीच्या घरी, कोनी बसून ठरवत नाई, आपोआपच होते. आजी मोह वेचाले जाये तं मले टोपल्यात बसवून नेये, आन तिथीच झाडाखाली पेज पाजे. तोंडाची लई कडू होती माही आजी, साऱ्या गावाशी भांडे, पण लेकराले घास देताना तिले कधी घाई नाई राहत.

तुम्ही बुड्यायची माहिती लिहाले आल्या, आन मघाशी सांगतलं नं, का माकडीन म्हातारी झाली तरी विते, आन बाईचंच अंग लवकर थांबते, कारण लाखो वर्सांआधी जंगलात ज्या बुड्या कंद खोदून नातवंडाले चारत होत्या त्यांचीच लेकरं जास्त जगली, म्हणून आपन बुड्या एवढ्या जगतो. असंच नं? मले पटते ते. बकरीचं मी पाह्यलं आहे, मरेपर्यंत विते, तिले कुठी नात आन नातू. माहं अंग थांबलं तवा मले वाटलं होतं का आता काय, झाली मी बिनकामाची. पण काय सांगू तुम्हाले, बुड्या होत्या म्हणून लेकरं जगली असं लिहून राह्यल्या तं हेही लिहा, बुडीच्या हातून एखादं गेलंही असन. माह्याच घरचं सांगते.

माही एकच पोरगी, वनिता. तिले गडचांदूरले देल्ली, जवाई तिथी सिमेंटच्या कारखान्यात ठेकेदाराकडं कामाले आहे. चांगला मानूस, कमी बोलते. पह्यल्या बाळंतपनाले वनिता माह्याकडं आली, दवाखान्यात पोरगा झाला. नर्सबाई बोलली, लगेच अंगावर पाजा. आन ती तिकडं वळली का मी वनिताचं पह्यलं दूध, तो पिवळा चीक, फडक्यात पिळून फेकला. माह्या आजीनं फेकला, मायनं फेकला, मी बी फेकला. जड असते, लेकराच्या पोटाले सोसत नाई, असंच ऐकत आली होती. तीन दिवस गुळाचं पानी बोटानं चाटवलं. पोरगा अकरा दिवस जगला.

डॉक्टर बोलले, अंगात जंतू झाले. मी विचारलं, मी चीक फेकला म्हणून झालं का जी. ते बोलले, तसं सांगता येत नाई आजी, पण पाजाले पाह्यजे होतं. त्याच आठवड्यात आमची बकरी व्याली होती. पिल्लू कमजोर, उठे नाई, तं मी खाली बसून त्याचं तोंड बकरीच्या थानाले लावलं, चीक नाई भेटला तं पिल्लू मरते हे मले लहानपनापासून ठाऊक आहे. वनिता दारात उभी होती. ती बोलली, माय, बकरीच्या पिलाले तू चीक पाजला, आन माह्या लेकराचा फेकला. रडली नाई, ओरडली नाई, एवढंच बोलली. दुसऱ्या दिवशी गेली ते गेलीच. दुसऱ्या बाळंतपनाले आली नाई. पोरगी झाली, परी, हे मले जवायानं फोनवर सांगतलं. वनितानं लोकायले सांगून ठेवलं होतं म्हणे, मायच्या हातात मी लेकरू देत नाई. चार वर्सं झाली अशी.

मंग औंदा जवायाचा फोन आला. बोलला, आई, वनिता पुन्हा गरोदर आहे, तिनं दीड वर्साच्या परीचं दूध तोडलं, पोरगी काई खात नाई, अंगनवाडीत दंडाले मापाची पट्टी लावली तं लाल आली, म्हंजे पोरगी लई वाळली, तुम्ही या. वनिताले विचारलं का म्हटलं, तं तो मले बसचा टाइम सांगाले लागला. आमचा म्हातारा बोलला, धानाचा रोवना तोंडावर आहे, कुठी चालली? मी म्हटलं, तुमचा रोवना तुम्ही पाहा. चंद्रपूरले बस बदलली आन गेली.

दारात वनिता. पाया नाई पडली. बोलली, राहाचं तं राहा, पण मले विचारल्याशिवाय पोरीले काई देजो नोको. मले राग आला, खोटं काऊन बोलू, साठी उलटलेली बाई मी, आन पोटची पोरगी मले कायदा सांगून राह्यली. पण परी तिच्या मागं उभी होती. हात असे, काडीवानी. मी म्हटलं, बरं.

आन विचारलं मी. अंडं देऊ का. देऊ का वरनात भात कुस्करून. तेल टाकू का वरून. ती हो म्हणे, तवाच मी देवो. एक घास द्याले अर्धा घंटा लागे. पोरगी तोंड फिरवे, मी थांबो, गोष्ट सांगो, कावळा दाखवो, पुन्हा घास. दिवसातून सहा-सात खेपा. वनिताले कुठी येवढा वेळ, पोट आलेलं, पानी भरनं, जवायाची कारखान्यातली पाळी सांभाळनं. तिचं काई चुकत नव्हतं, तिच्याजवळ म्हातारपन नव्हतं बस. महिन्याभरात पोरगी दुरून वाटी दिसली का तोंड उघडाले लागली. अंगनवाडीतली बाई बोलली, वजन चढून राह्यलं. वनितानं वजनाचं कार्ड पाह्यलं आन डब्यात ठेवलं.

मागच्या महिन्यात दवाखान्यात नेलं तिले. मी बाहेर बाकावर, मुद्दामच बाहेर. अंदर गेली नाई, मनात म्हटलं, तिले पसंत नसन. पोरगी झाली. नर्सबाई दाराशी आली, विचारलं, लेकरू कोनाजवळ देऊ? जवाई समोर होत होता, तेवढ्यात अंदरून वनिताचा आवाज आला, माही माय आहे बाहेर, तिच्याजवळ द्या. मी लेकरू घेतलं, कुठी थांबली नाई, सरळ अंदर नेलं आन वनिताच्या छातीशी लावलं. ती माह्याकडं पाहत होती, लेकरू ओढत होतं.

आता इथीच आहे मी. म्हातारा फोन करते, कवा येतं, मी म्हनते, पाहू. वनितानं मले माफ केलं का नाई, मी विचारलं नाई, आन विचारनारही नाई, त्या पोराचं दुख तिचं आहे, तिनं ते किती दिवस ठेवाचं ते तिनं पाहावं. काल मात्र तिनं दोन्ही पोरी माह्याजवळ टाकल्या आन चार घंटे झोपली, गाढ. मी लेकरायले हू का चू करू नाई देल्लं.